शोकेसमधली बाहुली

त्या बाहुलीची केस मला आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. ही मात्र आठवते, आणि आठवली की एकटा बसलेलो असलो तरी हसू येतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात आणि एकमेकांकडे सणावाराला जेवायला जातात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पुणतांब्याकडच्या एका गोदाकाठच्या गावात फौजदार होतो. तुळशीची लग्नं नुकतीच आटोपली होती, ऊसतोड सुरू झाली होती. उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात आणि बांधावरची भांडणं यांपलीकडे ठाण्यात फारसं काही येत नव्हतं. अशा एका सकाळी गावातल्या डॉक्टरांच्या पत्नी लेखी अर्ज घेऊन आल्या. चोरीस गेलेली वस्तू : बाहुली, नग एक.

माझ्या बीट हवालदाराला हसू आवरेना. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं तसा तो पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर सटकला. बाईंचे डोळे रडून सुजले होते. रडणाऱ्या फिर्यादीसमोर हसायचं नाही, हा माझ्या ठाण्यातला नियम होता.

बाहुली साधी नव्हती. बाईंची धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली होती, तिनं ती पाठवलेली. कुठल्याशा इंग्रजी सिनेमातल्या नायिकेची हुबेहूब प्रतिकृती. तोच पायघोळ निळा झगा, तेच सोनेरी केस, पायात नखाएवढे बूट. अशा बाहुल्या खेळायच्या नसतात, जमवायच्या असतात, खोकं फोडायचं नाही, असं बहिणीनं फोनवर बजावलं होतं. त्यामुळे खोक्यासकट ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी. घरी येणारा प्रत्येक जण आधी ती पाहणार आणि मग डॉक्टरांना नाडी दाखवणार. डॉक्टरांच्या आठ वर्षांच्या मुलीनंही ती काचेबाहेरूनच पाहायची. नियम सगळ्यांना सारखा.

मी घरी जाऊन जागा पाहिली. शोकेसमध्ये खोकं पाठमोरं ठेवलेलं. पुसताना फिरलं असेल असं घरच्यांना वाटलं, म्हणून चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खोक्याची खालची बाजू हलक्या हातानं सोडवलेली. आत बाहुली नाही, पण तिचा निळा झगा होता. चार घड्या घालून, वर बूट ठेवलेले. मी बरेच चोर पाहिलेत. घाईत अर्धं सोडून जाणारा पाहिला, जाताना स्वयंपाकघरात जेवून जाणारा पाहिला. झग्याची घडी घालून ठेवणारा चोर मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी खबर दिली. गेल्या आठवड्यात बांगड्या भरायला कासारीण आली होती, डॉक्टरीणबाई पैसे आणायला आत गेल्या तेव्हा ती दिवाणखान्यात एकटीच होती. डॉक्टरीणबाईंनाही ते पटलं. ''तिच्याही घरात लहान मुलगी आहे, साहेब. माझ्या मुलीच्याच वर्गात,'' त्या म्हणाल्या. संशयाला लागतं ते सगळं जमलं होतं. अशा वेळी मला हमखास शंका येते.

मी म्हटलं, ''अर्ज ठेवून घेतो. आधी चौकशी करू द्या, मग गुन्हा दाखल करायचा की नाही ते बघू.''

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही म्हणून हवालदाराला घेऊन मीच तिच्या घरी गेलो. डॉक्टरांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. मी ओट्यावर बसलो, हवालदार तिच्या परवानगीनं आत पाहायला गेला. तिची मुलगी दाराला चिकटून उभी होती, तोंडातून शब्द नाही. गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहिली होती.

कासारीण रडली नाही. सरळ माझ्याकडे बघून बोलली. ''सायेब, मालक गेल्यापास्नं या बांगड्यांच्या पेटीवर घर हाय. मी पार माजघरात बसून बांगड्या भरते. बाया माझ्या म्होरं दागिने काढून ठेवत्यात. आजवर कुनाचा मनी हारवला न्हाई. आन आज सकाळधरनं दोन घरांनी सांगितलं, 'आता नको, मग ये.' लगीनसराई तोंडावर आली. एकदा हे नाव लागलं तर कुठलं दार उघडंल मला?''

चोरीचा आळ पुराव्यानं पुसता येतो, पण दार उघडायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात.

हवालदार बाहेर आला. ''काय न्हाई, सायेब.''

ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरीत नोंद करायची म्हणून मी विचारलं, ''आत काय काय होतं ते सांगा.''

''दोन ट्रंका. बांगड्यांचे तोडे. चूल, भांडी. देवळीत नवरा-नवरी.''

''कोण नवरा-नवरी?''

''भावला-भावली, सायेब. गेल्या रविवारी लगीन लागलं त्यांचं. मी हुतो की.''

माझ्या हातातलं पेन थांबलं. ''तुम्ही कुठं होता?''

''लग्नात. बीटवर निघाल्तो, पोरींनी अडवलं. म्हनल्या, काका, मोठं मानूस कोनीच न्हाई, अंतरपाट धरा. धरला. अक्षता टाकल्या, चुरमुऱ्याची पंगत जेवलो आन गेलो. कासारीन तवा पेटी घिऊन भायेरगावी हुती.''

''नवरी कशी होती?''

''झ्याक हुती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मुंडावळ्या. लई गोरी. जरा उंच हुती, नवऱ्यापरीस वीतभर जास्तच, पन म्हनलं चालायचंच...'' इथं त्याचा आवाज उतरत गेला. ''सायेब, अर्जात झगा लिवलाय. मी झगेवाली हुडकत हुतो.''

''आणि तांदूळ कोण वाटत होतं?''

तो खाली मान घालून म्हणाला, ''डाक्टरांची पोरगी.''

पोलीस खात्यात साक्षीदार मिळत नाहीत अशी ओरड असते. इथं आमचा साक्षीदार पंगतीला जेवून आला होता. मी त्याला रागावणार होतो, पण हसण्यातच वेळ गेला.

पण गंमत तिथंच संपत होती. बाहुली कासारणीच्या घरात होती. तशीच जाऊन जप्त केली असती तर सगळ्या गावानं म्हटलं असतं, बघा, तिच्याच घरात सापडली. डॉक्टरांच्या मुलीनं आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय त्या बाईचं नाव धुतलं जाणार नव्हतं, आणि मुलगी आईला घाबरलेली.

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. मुलगी अंगणात होती. टोपी काढून पायरीवर तिच्या शेजारी बसलो. लहान मुलांना 'तू केलंस का?' असं कधी विचारू नये, ती 'नाही' म्हणतात. मी विचारलं, ''रविवारच्या लग्नात तू मुलीकडची होतीस की मुलाकडची?''

''मुलीकडची,'' ती ठसक्यात म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरले. ''आईला सांगू नका ना.''

''मी नाही सांगणार. पण कासारीणमावशीला लोक चोर म्हणायला लागलेत.''

हे तिला माहीतच नव्हतं. ती उठली, फ्रॉकला हात पुसले आणि घरात गेली. मी बाहेरच थांबलो. आतून आधी आईचा चढलेला आवाज आला, मग तो खाली आला. थोड्या वेळानं दोघी चपला घालून बाहेर आल्या.

आम्ही कासारणीच्या घरी गेलो तेव्हा गल्ली पुन्हा आपापल्या दारात उभी होती. डॉक्टरीणबाईंनी ओट्याखाली उभं राहून सर्वांदेखत हात जोडले. ''चुकलं माझं, ताई. माझ्याच मुलीनं दिली होती.'' कासारीण बाजूला झाली आणि आत बसायला पाट टाकला.

देवळीत जोडपं उभं होतं. नवरदेव चिंध्यांचा, काजळाच्या मिशा काढलेला. त्याच्या शेजारी सिनेमातली ती नायिका, हिरव्या लुगड्यात, पदर सावरून. झगा नसल्यानं कासारणीलाही ती ओळखू आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला उचललं. कासारणीची मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली.

''लगीन लागलंय तिचं. आता ती आमची हाय.''

डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलीकडे वळून हताशपणे विचारलं, ''अगं, खेळायचंच होतं तर घरात खेळायचं. दुसऱ्याला का देऊन टाकलीस?''

मुलगी म्हणाली, ''लग्न तर करायलाच लागतं ना. पण लांब दिली की येत नाही. अमेरिकेतली मावशी आली का? तू रात्री रडतेस. मी म्हणून जवळचं स्थळ बघितलं. इथून रोज बघता येते.''

हवालदार उगाच छपराकडे बघू लागला. डॉक्टरीणबाई तिथंच पाटावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. कासारीण शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिच्यावर आळ आला होता तीच समजूत घालत होती, आणि फौजदार म्हणून मला तिथं काही काम उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंनी बाहुलीचा पदर नीट केला, तिला परत नवऱ्याशेजारी ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, ''संक्रांतीला दोन दिवस पाठवा हं तिला माहेरी.''

''पाठवू की, वैनी,'' कासारीण म्हणाली. ''सून हाय, कैदी न्हाई.''

अर्ज त्याच रात्री मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशी कासारीण पेटी घेऊन निघाली ती पहिल्यांदा डॉक्टरांच्याच घरी गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या बाईंनाही हाक मारून बोलावलं. आठवडाभरात तिला दम खायला फुरसत राहिली नाही.

या केसनं मला काय शिकवलं? चौकशीत आम्ही कोणी, कधी, कुठं हे विचारतो. 'का' विचारायचं लहान मुलांच्या बाबतीत राहूनच जातं, कारण त्यांच्याजवळ कारण असेल असं आपल्या मनातच येत नाही. आपण रात्री कशासाठी रडतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि ती आपापल्या परीनं त्यावर इलाज करत असतात.

पुढे आमच्या मुलीचं लग्न निघालं. परदेशातलं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं. बायकोनं माझं मत विचारलं. मी म्हटलं, तिच्या मनाला येईल तिथं करा, पण बापाचं विचाराल तर बाप अंतर बघणार. मुलीनं ते ऐकलं आणि पोट धरून हसली. आज ती नगरला लागूनच केडगावला असते. आम्ही नगरात. संध्याकाळी स्कूटर काढतो आणि तिला बघून येतो.