न लागलेला धक्का

भिवापूरच्या मिरच्यांचं पोतं घरी आलं तेव्हा त्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. भाऊ मात्र आला नाही. वर्षाचं तिखट करायचं म्हणून आईनं त्याला मोटरसायकलवर मिरच्या आणायला पाठवलं होतं. परतताना एक ट्रक अगदी जवळून सुसाट गेला आणि हा रस्त्याच्या कडेला खाली फेकला गेला. धक्का काही लागला नव्हता, असं तिथल्या रस्त्याकडेच्या चहावाल्यानं सांगितलं. ट्रकवाला थांबलाही नाही.

धक्का नाही म्हणजे पोराचीच चूक, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमच्या काकांच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. तेरवीच्या पंगतीतच ते म्हणाले, घेतली असेल थोडी. माझा भाऊ साधा तंबाखूचा खर्रासुद्धा खात नसे, आणि तेही नागपुरात राहून! माझं डोकंच फिरलं. पण आईला ते पटलं. ती त्याच्यावर रागावूनच बसली. फोटोही भिंतीवर लावू देईना. पोतं जिन्याखाली तसंच पडून राहिलं.

मी खगोलशास्त्रात संशोधन करते. उन्हाळ्यातल्या एका दुपारी कूलरपुढे लॅपटॉप घेऊन बसले होते. आई शेजारी टेकली आणि हे ठिपके कशाचे म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, तारे बहुतेक घोळक्यानं जन्मतात, दाटीवाटीनं. त्या गर्दीत एखादा तारा दुसऱ्याच्या जवळून जातो. टक्कर होत नाही, पण त्याच्या ओढीनं दुसऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या वाटा बिघडतात. एखादा ग्रह तर बाहेरच फेकला जातो, आणि मग अंधारात एकटा भटकत राहतो.

आईनं पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे धक्का लागला नाही, तरी होते असं?"

"होतं. ट्रकचं कारण वेगळं, पण तसंच. एवढी मोठी गाडी जोरात जवळून गेली, की नुसत्या हवेनं दुचाकी फेकली जाते."

"मंग त्याची चूक नव्हती."

"नव्हतीच, आई."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. आई उठली, जिन्याखाली गेली आणि पोत्याशी खाली बसली. मी मागोमाग गेले.

"मंग मीच त पाठवलं ना वं त्याले," ती म्हणाली.

इतके दिवस निदान रागावायला तिला तो होता.