रिठ्यानं धुतलेले केस

माझ्याबद्दलचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं माझी बायको चारचौघांत सांगते. हे तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण आमच्या बाहेरच्या खोलीतला एक फोटो आता मला बघवत नाही.

मुंबईच्या एका इस्पितळात मी मेंदूची वीज कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर कामाला होतो. ई. ई. जी. म्हणतात त्याला. डोक्याला चांदीच्या बारीक तबकड्या लेपानं चिकटवायच्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या. मग सरकत्या कागदावर लेखण्या लाटा काढत जातात. पण लेखण्यांना अक्कल नसते. माणसानं पापणी मिटली, दात आवळले, कपाळाला घाम आला, तरी त्या तितक्याच इमानानं लिहितात. मेंदूचं नसलेलं असं सगळं म्हणजे आमच्या भाषेत कचरा. डॉक्टरांनी वाचण्याआधी तो लाल पेन्सिलीनं खोडायचा आणि बाजूला कारण लिहायचं — पापणी, दात, घाम — हे माझं काम. तांदूळ निवडतात तसं. मी चांगला निवडायचो. बढाई मारत नाही. चुकून झालं असेल, असं तुम्ही म्हणू नये, म्हणून सांगतो.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ते यंत्र रेवदंड्याला नेलं. फिट येणाऱ्यांसाठी शिबिर. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढच्या खुर्च्यांवर गाद्या, आणि कमानीवर समारोपाला येणाऱ्या मंत्र्यांचं नाव इतकं मोठं, की ‘शिबिर’ हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. यंत्राला झेंडूचा हार घातला. समोर नारळ फोडला, पाणी तारांवर उडालं. मी ते रुमालानं पुसलं आणि मग टाळ्या वाजवल्या. या सगळ्याला मी मनातून हसत होतो. हसणारा माणूस स्वतःला वेगळा समजतो — तसा मीही समजत होतो.

किनाऱ्यावर अडचण एकच, खोबरेल. तेलकट केसांत तबकडी धरत नाही. सुटते, आणि तिची लेखणी उड्या मारते. म्हणून रिठ्यानं डोकं धुऊन या, असं गावात दवंडी पिटून सांगितलं होतं. तरी बायका चापून तेल लावून येत. मुंबईच्या डॉक्टरांपुढं पिंजारल्या केसांनी कसं जायचं? लेखणी उडाली की मी खोडायचो आणि लिहायचो — तेल. फार सोयीचा शब्द होता तो. इतका, की शेवटी शेवटी मी केसांकडे बघेनासा झालो होतो.

गोमती शेवटच्या दिवशी आली. कोळीण, विशीतली. बरोबर नवरा. काम करता करता ती मध्येच थिजायची, काही चघळल्यासारखे ओठ हलायचे, हातातलं निसटायचं. नंतर काही आठवायचं नाही. सासू म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय. नवरा भला होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “हिला चुलीपाशी बसू द्यावं का न्हाय, येवढंच सांगा. आय बोलते नाटक हाय. यंत्र बोललं आजार हाय, तर मी आयला गप करीन.”

एवढंच हवं होतं त्यांना.

कागद सरकू लागला, आणि डाव्या कानावरच्या तबकडीची लेखणी उडाली. मी वैतागलो. बाहेर फोटोवाला खुर्च्या मांडत होता. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला म्हणालो, की आली ही पण तेलात बुडून. बायका हसल्या. ती हलली नाही. नुसतं म्हणाली, “न्हाय दादा. रिठ्यानं धुतलंय. तेल न्हाय लावलेलं.”

तिला खोटं पाडायला मी तिच्या केसांच्या मुळांशी बोट घासलं आणि रांगेकडे उंच धरलं. म्हणालो, बघा, कसं चमकतंय. पुन्हा हशा झाला. नवऱ्यानं मान खाली घातली.

ते बोट माझ्याच नाकासमोर होतं. कोरडं ठक्क.

पुढचं तर याहून वाईट आहे. टेबलाशी बसून मी कागद पाहिला. एका सुटलेल्या तबकडीचा दोष तिच्यापाशीच राहतो. शेजारच्या तबकड्यांतही तीच टोकदार लाट दिसली, तर ती कवटीच्या आतून आलेली असते. हे मला झोपेतही कळलं असतं. शेजारच्या दोन्ही लेखण्यांनी ती लाट काढली होती. पुन्हा पुन्हा काढली होती.

डॉक्टरांनी आटपायला सांगितलं होतं, हे खरं. खोडायला सांगितलं होतं का? नाही. मला काही करायचंसुद्धा नव्हतं — पेन्सिल नुसती खाली ठेवायची होती. त्यांनी लाट बघितली असती आणि औषध लिहून दिलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, की तू तर तेल म्हणत होतास? सगळ्या रांगेसमोर. आणि तेवढ्यात मंत्र्यांची जीप आली असती, आणि मी फोटोत नसतो. मला फोटोत यायचं होतं हो! मनातून हसणाऱ्या या शहाण्याला फोटोत यायचं होतं.

मी एकेक लाट खोडली. प्रत्येकीपुढं लिहिलं, तेल.

उरलेला कागद डॉक्टरांनी भराभर उलटला आणि नवऱ्याला म्हणाले, “मेंदू उत्तम आहे. लाड कमी करा.” त्यानं त्यांना हात जोडले. मग मलाही.

मंत्र्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, यात माणसाच्या मनातलं कळतं का? सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

काही वर्षांनी एका लग्नासाठी पुन्हा रेवदंड्याला जाणं झालं. बाजारात सुक्या मासळीपुढं गोमती बसली होती. उजव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली, गालाची कातडी ओढलेली. मी ओळख दाखवली नाही. तिनं मात्र लगेच ओळखलं. डाव्या हातानं आणि दातांनी बोंबलांचा वाटा कागदात बांधला. चुलीबद्दल बोलली नाही. हाताबद्दल नाही, नवऱ्याबद्दलही नाही. पुडी पुढं करत हळूच म्हणाली, “दादा, तवा मी खरंच तेल न्हवतं लावलं.”

आणि मी काय म्हणालो असेन?

“असेल,” म्हणालो. पुडी घेतली आणि निघालो.

असेल! जीभ झडली का नाही माझी? एक शब्द तिला हवा होता, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, तिथं ना जीप होती ना रांग. तरी माझ्या तोंडून ‘असेल’ निघालं.

फोटो भिंतीवर आहे. त्यात मी उजवीकडे, हात पाठीमागे बांधून उभा आहे. पाहुणे विचारतात, हे मंत्री का? बायको हो म्हणते आणि मग फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवते.

गोमतीनं तेल लावलेलं नव्हतं. माझं बोट कोरडं होतं.