मोठ्या डॉक्टरांचा चाकू, छोट्या डॉक्टरांची दुर्बीण

निवृत्त झाले त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या कपाटातल्या कात्र्या, चिमटे, सुया, सगळं मी नव्या सिस्टरला मोजून दिलं. किस्से तेवढे कुणी मागितले नाहीत, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. आता चहाला चौघीजणी जमल्या की एकेक बाहेर पडतो!

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्यातला आमचा दवाखाना वीस खाटांचा. मालक म्हणजे मोठे डॉक्टर, पोट उघडण्यात वाकबगार. हाताखाली मुंबईहून शिकून आलेले छोटे डॉक्टर. त्यांनी येताना एक दुर्बीण आणली होती. लांब, बारीक नळी आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा बल्ब. लघवीच्या वाटेनं ती मूत्राशयात घालायची आणि आतली गाठ तिथल्या तिथे विजेनं जाळायची. गाठ लहान, नुकतीच सुरू झालेली असली की पोटाला चाकू लावायचाच नाही!

मोठ्या डॉक्टरांना ते पटेना. "जे बोटाला लागलं नाही, ते मी काढलं असं कसं म्हणू?"

छोटे म्हणायचे, "सर, पोट उघडलं की गाठीचे कण जखमेत सांडायची भीती. शिवाय माणूस पंधरा दिवस खाटेवर!"

आणि दोघांच्या मध्ये मी, हातात ट्रे घेऊन!

*

दुर्बिणीचा पहिला पेशंट संग्रामपूरकडचा, भाजीपाला पिकवणारा शेतकरी. लघवीतून रक्त जायचं. छोट्या डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं, "तुमच्या मूत्राशयात फुलकोबीसारखी गाठ आहे."

माणूस चक्रावला. "अशी कशी जी? यंदा तं मी फुलकोबी लावलीच नाही. समदे वांगेच होते!"

*

त्याचं ऑपरेशन सुरू झालं. कंबरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे गडी जागाच. दुर्बीण आत गेली, गाठ दिसली आणि बल्ब गेला!

"सिस्टर, दुसरा बल्ब!" छोटे ओरडले. मी कपाटाकडे धावले.

मोठे डॉक्टर दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "माझ्या पद्धतीत नुसती खिडकी उघडली तरी भागतं!"

टेबलावरून आवाज आला, "मंग उघडा ना बाप्पा! लय गरम होऊन राह्यलं!"

*

चौथ्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. आठवड्यानं परत दारात! छोट्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काय झालं? पुन्हा रक्त?"

"रक्त नाही जी. पण गावात कोणी मानूनच नाही राह्यलं. म्हणतात, ऑपरेशन झालं तं टाके दाखव! भेटाले आलेले सोयरे हसून परत गेले."

"मग मी काय करू?"

"पोटावर दोन-चार टाके मारून द्या ना!"

मोठे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "या, इकडे या. टाक्यांचं खातं माझ्याकडे!"

*

एकदा मात्र सगळं हसू पळालं. चिखलीचे एक मास्तर टेबलावर होते. गाठ जाळताना रक्त थांबेना. दुर्बिणीतून नुसतं लाल दिसत होतं. छोट्या डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते, तोच ते हळूच म्हणाले, "सरांना बोलवा."

मोठे आले. पोट उघडलं, रक्त थांबवलं, टाके घातले. मास्तर वाचले. "मी सांगत होतो" असं मोठे डॉक्टर म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते. हातमोजे काढता काढता ते छोट्यांना म्हणाले, "चहा घे. पण कप अर्धाच सांग, हात थरथरताहेत तुझे."

*

पुढे सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांचा जुना पेशंट आला. पोट उघडून काढलेली गाठ मूत्राशयात दुसऱ्या जागी उगवली होती. "पुन्हा फाडता का, साहेब?" म्हणून तो रडायलाच लागला.

मोठे डॉक्टर उठले आणि छोट्यांच्या खोलीवर टकटक केली. स्वतःच्याच दवाखान्यात टकटक!

"तुझी ती पुंगळी मोकळी आहे का रे?"

*

मग एक दिवस वरवट बकालच्या गोदाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. तो बरा झाला आणि पुढे कितीतरी वर्षं शेतात राबला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निर्धास्त ऐका. त्या दिवशी मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि गोदाबाईंनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

दोघा डॉक्टरांनी आपापली पद्धत सांगितली. किती दिवस पडून राहायचं, धोका कुठला, गाठ दोन्हीतही परत येऊ शकते, सगळं खरं खरं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मोठ्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या बापाले हे झालं असतं तं?"

मोठ्या डॉक्टरांनी छोट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ह्याच्या हाती दिलं असतं."

बाई छोट्यांकडे वळल्या. "अन् तुमच्या बापाले?"

छोट्यांनी मान खाली घातली. "मी... सरांच्या हाती."

गोदाबाईंनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"तुमी यायच्याकडं पाठोता, हे तुमच्याकडं पाठोतात. मंग माह्या माणसाले हात कोण लावन?"