पोचवायला आलेल्या साल्मेबाई

इंग्लंडमध्ये रीडिंगला आम्ही राहतो त्या घराच्या डाव्या हाताला साल्मेबाई राहतात. मधली भिंत एकच. त्यांचा रेडिओ आम्हाला ऐकू येतो आणि आमच्या फोडणीचा वास त्यांना जातो, असं गेली पंचवीस-सव्वीस वर्षं चाललं आहे. त्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आणि मी निवृत्तीला टेकलेला. विमा कंपनीत हिशेब तपासण्यात माझा जन्म गेला. ठरलं ते ठरल्यासारखं व्हावं, एवढीच माझी माणसांकडून अपेक्षा असते. साल्मेबाईंनी ती एकदाही पुरी केलेली नाही.

त्या मूळच्या एस्टोनियाच्या. बाल्टिक समुद्राकाठचा हा चिमुकला देश. १९४४ मध्ये जर्मन सैन्य मागे हटलं आणि रशियन सैन्य परत येऊ लागलं, तेव्हा तिथली हजारो माणसं मिळेल त्या बोटीत बसून स्वीडनला नाहीतर जर्मनीला पळाली. साल्मेबाई अठरा वर्षांच्या होत्या. स्वीडनमध्ये एका इंग्रज खलाशाशी त्यांचं लग्न झालं, त्या रीडिंगला आल्या, बिस्किटांच्या कारखान्यात लागल्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी समजलं होतं. त्यापुढचं समजायला पाव शतक गेलं.

माझी त्यांच्याबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार निरोपाची. आमच्याकडचे पाहुणे कसे निघतात हे मराठी माणसाला सांगायला नको. आधी सोफ्यावरून उठून उभ्याने गप्पा, मग जिन्यापाशी, मग दारात, आणि शेवटी गाडीची काच खाली करून. एकदा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पद्माकर आणि त्यांची पत्नी असेच गाडीपाशी रेंगाळले होते. साल्मेबाईंनी वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "जायचं तर जा, राहायचं तर राहा. मध्ये उभे राहू नका." पद्माकर पुढचे कित्येक महिने आमच्याकडे आले नाहीत.

आमची मुलगी तनू लीड्सला युनिव्हर्सिटीत निघाली तेव्हा अर्धी गल्ली फाटकापाशी जमली. समोरच्या मिसेस हॉवेल केक घेऊन आल्या. ज्या बाईंच्या घरी तनू शाळेतून आली की रोज बसायची, ज्यांनी तिला विणायला शिकवलं, त्या साल्मेबाईंनी आमच्या देखत पडदा ओढून घेतला. माझ्या बायकोने, मधुमतीने, ते फार मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई लोकरीचे दोन जोड मोजे घेऊन हजर. "तिला पोस्टाने पाठव. लीड्सला थंडी असते."

"काल हातात देता आले असते," मी म्हणालो.

"काल ती जात होती," त्या म्हणाल्या, जणू यात सगळं आलं.

तर २००४ च्या उन्हाळ्यात मला ऑफिसमध्ये एका मुलीचा फोन आला. नाव पिरेत. बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, एस्टोनियाची आहे आणि लंडनच्या एस्टोनियन लोकांच्या समितीची चिटणीस आहे, असं तिने सांगितलं. त्या पलायनाला सप्टेंबरमध्ये साठ वर्षं होणार होती. एका चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. जे तेव्हा बोटीतून आले, त्यांतल्या हयात असलेल्यांनी एकेक मेणबत्ती लावायची. साल्मेबाईंचा फोन लागत नव्हता म्हणून तिने माझा नंबर शोधला. फोन लागणारच नव्हता. विक्रीवाल्यांचा त्रास होतो म्हणून बाई तो भिंतीतून उपटूनच ठेवतात.

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो. त्या वेलीला लागलेल्या शेंगा तोडत होत्या.

"मी लावणार नाही मेणबत्ती," त्या म्हणाल्या. "ती पळून आलेल्यांसाठी आहे. मी पळाले नाही."

"बोटीतून आलात ना?"

"आले."

"रशियन येत होते ना?"

"येत होते."

"मग त्याला काय म्हणायचं?"

"मी पोचवायला गेले होते."

मला वाटलं माझीच काहीतरी चूक होते आहे. मी पुन्हा विचारलं. शेंगा तोडता तोडता त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण लेइडा तालुक्याच्या कचेरीत होती. तिचं नाव रशियनांना माहीत होतं, म्हणून तिने जायचं असं घरात ठरलं. कोळ्याच्या बोटीत एकाच माणसाला जागा मिळाली होती. आई आणि साल्मे दोघी तिला किनाऱ्यापर्यंत सोडायला गेल्या. लेइडा बोटीत बसली, तिचं गाठोडं नीट लावायला साल्मे आत चढली, आणि लेइडा आईला अजून एकदा मिठी मारायला खाली उतरली. तेवढ्यात जर्मन पहाऱ्याचा दिवा किनाऱ्यावर फिरला. नावाड्याने बोट लोटली. बोटीत एका माणसाची जागा होती, एक माणूस गेलं.

"आणि लेइडा?"

"१९४९ मध्ये तिला सायबेरियात नेलं. सात वर्षं." त्यांनी शेंगांची टोपली माझ्या हातात दिली. "मधुमतीला दे. कोवळ्या आहेत."

आमच्या दारात पाहुणे रेंगाळले की या बाई का ओरडतात, ते मला त्या दिवशी टोपली हातात धरून समजलं. पण समजलं म्हणून वैताग कमी झाला असं नाही. लेइडा जिवंत होती. दोघींची पत्रं चालू होती. एस्टोनिया स्वतंत्र होऊन तेरा वर्षं झाली होती, आणि या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या.

"का नाही गेलात?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? तिच्या जागेवर बसून आले मी."

पुढचे दोन महिने मी निरोप्याचं काम केलं. पिरेत म्हणायची, "त्यांना सांगा, त्याही रेफ्युजीच आहेत." साल्मेबाई म्हणायच्या, "त्या पोरीला सांग, शब्द जपून वापर." पिरेत म्हणायची, "निदान पहिल्या रांगेत बसतील का?" बाई म्हणायच्या, "तिसऱ्या." माझ्या ऑफिसात वर्षाचे हिशेब बंद होण्यापूर्वीसुद्धा एवढी पत्रापत्री झालेली नाही. आणि मग माझ्याकडून सगळी हकीकत ऐकलेल्या पिरेतने समितीच्या वतीने, कुणाला न विचारता, लेइडाबाईंनाच बोलावून घेतलं. मे महिन्यात एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये आला होता, व्हिसाची भानगड उरली नव्हती. मला तिने तिकीट काढून झाल्यावर सांगितलं.

"सरप्राइज आहे," ती म्हणाली.

"साल्मेबाईंना सरप्राइज आवडत नाही."

"कुणाला आवडत नाही?"

मी बाईंना सांगून टाकलं. त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. एरवी मधुमतीने काही पाठवलं की डबा कधी रिकामा परत यायचा नाही. एखादं सफरचंद तरी असायचं. या वेळी डबा धुऊन, पुसून, आमच्या फाटकाला पिशवीत लटकावलेला. मधुमती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला मध्ये पडलात?" जसा काही मी अर्ज केला होता.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि पिरेतला घेऊन गॅटविक विमानतळावर गेलो. लेइडाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल, हातात एकच बॅग. ती बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. गाडीत त्या सबंध रस्ताभर शेतं बघत होत्या आणि पिरेतला काहीतरी सांगत होत्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, इथे गवत छान आहे, पण गाई लठ्ठ आहेत."

साल्मेबाईंनी दार उघडलं नाही. मी बाजूच्या बोळातून दोघींना मागच्या बागेत नेलं. त्या वेलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. आमची पावलं ऐकूनही वळल्या नाहीत. लेइडाबाई जवळ गेल्या, वेल वर चढवायला बांधलेली सुतळी बोटाने ओढून पाहिली आणि काहीतरी बोलल्या.

पिरेत हळूच म्हणाली, "म्हणतायत, गाठ अजून चुकीचीच मारतेस."

साल्मेबाई वळल्या. मी पिरेतला कोपराला धरून बाहेर काढलं.

दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज येत होते. मधुमती जिन्यात थांबून थांबून ऐकायची.

"अहो, रडतायत का त्या?"

"भांडी आपटतायत."

"कोण?"

"दोघी."

रविवारी मी दोघी बहिणींना घेऊन लंडनला गेलो. मधुमतीही आली, म्हणाली, एवढा त्रास काढला तर शेवट बघून येऊ. हॉलमध्ये निळा-काळा-पांढरा झेंडा, टेबलावर राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि खारवलेले मासे. पुढे सात-आठ म्हातारी माणसं, मागे त्यांची मुलं-नातवंडं. या मुला-नातवंडांतल्या निम्म्यांना एस्टोनियन भाषा येत नव्हती, म्हणून भाषणं इंग्रजीत होती. सगळ्यात मागे पिरेतसारखे नव्याने आलेले तरुण. ते स्वस्त विमानाने येतात आणि नाताळला परत जातात. त्यांना इतकी लांब भाषणं ऐकायची सवय नसावी. मला आमच्या मंडळाची आठवण झाली आणि आणखीच वैताग आला.

एकेकाने पुढे जाऊन मेणबत्ती लावली. पिरेतने साल्मेबाईंचं नाव घेतलं. त्या तिसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या आणि तिथूनच बोलल्या, "हे माझं नाव चुकून आलं आहे. मी पळाले नाही. मी बहिणीला पोचवायला गेले होते. पळायचं हिने होतं. माझं इथलं आयुष्य हिचं आहे." आणि बसल्या.

पिरेतने लेइडाबाईंच्या कानात सगळं सांगितलं. लेइडाबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून मोठ्याने चार वाक्यं बोलल्या. पहिल्या रांगेतले म्हातारे आधी हसले, मग एकदम थांबले.

पिरेत इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतात, ही लहानपणापासून अशीच, सगळं आपल्याचमुळे झालं असं समजते. मला जायचंच नव्हतं. आई एकटी राहिली असती. मिठीचं निमित्त केलं आणि मी उतरले. परत चढणार नव्हते."

साल्मेबाई बहिणीकडे वळल्या. आता बोलणं इंग्रजीत नव्हतं. पिरेत आम्हाला कुजबुजत सांगत होती.

"मग लिहिलं का नाहीस?"

"पत्रं उघडून वाचायचे."

"आणि गेली तेरा वर्षं?"

"तू विचारलं नाहीस."

"साठ वर्षं मी..."

"मेणबत्ती लाव. लोकांना जेवायचं आहे."

साल्मेबाई पुढे गेल्या. काडी दोनदा विझली. तिसऱ्या वेळी मेणबत्ती पेटली आणि त्यांचं बोट भाजलं. मधुमती डोळे पुसत होती. मी घड्याळ बघितलं, कारण एम-फोर महामार्गावर संध्याकाळी गर्दी होते.

बुधवारी लेइडाबाईंचं परतीचं विमान होतं. मी गाडी काढायला बाहेर आलो तर साल्मेबाई आधीच पुढच्या सीटवर बसलेल्या, कोटाची सगळी बटणं लावून.

"तुम्ही येताय?"

"उशीर होतोय," त्या म्हणाल्या. उशीर होत नव्हता.

पिरेत थेट गॅटविकला आली होती. जिथून पुढे फक्त प्रवाशांना सोडतात, तिथे पट्ट्या लावून रांग केलेली होती. साल्मेबाई त्या पट्टीपासून चार हात मागे थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मोहन, माझी बाही धर."

"कशाला?"

"धर म्हटलं ना. आणि सोडू नकोस."

मी धरली. साठीला आलेला माणूस विमानतळावर एका म्हाताऱ्या बाईची बाही धरून उभा आहे, आणि येणारे-जाणारे बघतायत. दोघी बहिणींनी हात मिळवले, बँकेत मिळवतात तसे. लेइडाबाईंनी कागद दाखवला आणि त्या आत गेल्या. रांगेत पाच-सहा माणसं पुढे सरकल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. मग बॅग तिथेच जमिनीवर ठेवली, पट्टीखालून वाकून बाहेर आल्या, अधिकारी "मॅडम, मॅडम" करत असताना साल्मेबाईंना घट्ट मिठी मारली आणि त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

साल्मेबाई ओरडायला लागल्या. एका हाताने त्या बहिणीला ढकलत होत्या; दुसरा माझ्या हातात होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"काय म्हणतायत?" मी पिरेतला विचारलं.

"'जा' म्हणतायत. एवढंच. पुन्हा पुन्हा."

लेइडाबाई गेल्या. बॅग तिथेच होती, विमानही त्यांना मिळालं.

परतीच्या वाटेवर बाई चिडून बोलल्या.

"पाहिलंस ना? परत आली."

"पाहिलं."

"विमान सुटायची वेळ झाली, तरी आली. म्हणे मला जायचंच नव्हतं. म्हणे निमित्त केलं. भर सभेत खोटं बोलली."

"तुमच्यासाठी बोलल्या असतील."

"म्हणून तर जास्त राग येतो," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, "मी जाऊन तिला तोंडावर सांगणार आहे. तिच्या घरात."

"जरूर जा. मी सोडीन गॅटविकला."

"सोड. पण आत यायचं नाही. गाडीतच बसायचं."

इतका वेळ गाडी चालवून पोचवायचं आणि गाडीतच बसून राहायचं, ही कुठली पद्धत, मला समजत नाही. पिरेतने मे महिन्याची तारीख काढून दिली होती. ती बाईंनी आतापर्यंत दोनदा बदलली आहे, आणि दर वेळी बेसिंगस्टोकला फोन मलाच करावा लागतो, कारण त्यांचा अजून भिंतीतून उपटलेलाच आहे.