कानावरची खाच

व्हर्लिनने तेहतीस वर्षं घोडीवर बसून आजारी वासरं हुडकली. टेक्ससच्या त्या उघड्या माळावर, विकत घेतलेली वासरं पोसणाऱ्या वाड्यावर, वाऱ्यात डोळे बारीक करून, दीडदीडशे वासरांच्या कोंडवाड्यांतून फिरायचं. कुणाचे कान पडलेत, कोण गव्हाणीपासून मागे राहतंय ते हेरायचं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग ऑक्टोबरात रॉइस टॅकेट या व्यापाऱ्याची वासरं चौदा नंबरच्या वाड्यात उतरली आणि तीन आठवड्यांत त्यांतली एकेचाळीस धापा टाकत मेली.

"मी ठणठणीत माल दिला होता," रॉइस कॅफेत, भर नाश्त्याच्या गर्दीत, गरजला. "व्हर्लिनचे डोळे गेलेत. त्याला आता समोरचा बैल दिसायचा नाही!"

वाड्याचा मॅनेजर कर्टिस शेजारीच अंडी खात होता. "तेही खरंच," एवढं तो बोलला, आणि त्याच दिवशी व्हर्लिनला घोडीवरून उतरवून पाण्याचे हौद घासायला लावलं. व्हर्लिन साठीचा. त्याच्याकडे मिरवायला त्याची नजर सोडून दुसरं काही नव्हतं, आणि तीच या दोघांनी चव्हाट्यावर मातीत घातली. शेवाळ घासताना त्याच्या मनात एकच घोळत होतं: रॉइसची जिरवायची.

हौदावर वासरं अगदी हाताशी येतात. चौथ्या दिवशी चौदा नंबरच्या हौदावर रॉइसच्या मालातलं एक खुजं, राठ केसांचं वासरू आलं. कानाच्या कडेला, केसांत लपलेली तिकोनी खाच. व्हर्लिनच्या हातातला ब्रश खाली पडला.

काही वासरं आईच्या पोटातूनच विषाणू घेऊन येतात. कशीबशी तगतात, पण जन्मभर नाकातोंडातून रोग वाटत फिरतात. ती ओळखायला कानाचा तुकडा कापून तपासतात. या वाड्यावर कुणी कापत नाही. म्हणजे आधीच्या मालकाने तपासलं होतं, खुरटलेल्या अंगावरून निकाल उघड होता, आणि नासका निघालेला माल रॉइसने जाणूनबुजून इथे खपवला होता. पण नुसतं सांगितलं असतं तर त्या बेरक्याने हात झटकले असते. व्हर्लिनने वासरू एकटं कोंडलं आणि दात-ओठ खात शुक्रवारची, रॉइसच्या पुढच्या खेपेची, वाट पाहिली.

शुक्रवारी रॉइस नवी वासरं घेऊन आला. ती उतरताच व्हर्लिनने ते खुजं वासरू त्याच्या रिकाम्या गाडीत चढवलं आणि फळी लावली. सगळे गडी बघत होते, कर्टिसही.

"हे काय रे?" रॉइस म्हणाला.

"भेट. इथे काही बाळसं धरत नाही बघ. घरी ने, तुझ्या गाईंत सोड."

"उतरव ते!"

"का लेका? ठणठणीत माल ना तुझा?"

"उतरव म्हणतो ना! माझ्या गाई गाभण आहेत, एकाही गाईचं वासरू धड—"

रॉइस थांबला, पण फार उशिरा. कर्टिसचा चेहरा पांढराफटक पडला. एकेचाळीस मेलेली वासरं त्यालाही आठवली असावीत.

"रॉइस, पुन्हा इथे पाय ठेवलास तर बघ," तो कसाबसा म्हणाला. मग व्हर्लिनकडे वळला. "चुकलंच माझं. उद्यापासून घोडीवर या."

व्हर्लिनला गार वाटलं, पण पुरतं नाही.

"इथे कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "उद्या सकाळी कॅफेत सांग. उभं राहून, मोठ्याने. तोवर हौद तू घास."

त्याने ब्रश कर्टिसच्या हातात दिला आणि तो घेईपर्यंत सोडला नाही.