पाकिटातला फलंदाज

हॉस्पिटलातून सासरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या कामांची यादी करत होते. फोन ठेवला आणि त्याच कागदावर खाली लिहिलं: फोटो, फुलं, नातेवाईक. रडू नंतर आलं... तेही कामं उरकल्यावर.

भूकंपात कोबेतलं घर पडलं आणि ओतोसान, म्हणजे सासरे, आमच्याकडे क्योतोला राहायला आले, तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात मेंको. म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, वर खेळाडूंची चित्रं. युद्धाआधी अमेरिकेचा बेसबॉल संघ इथे प्रदर्शनी सामने खेळून गेला, त्यानंतर निघालेल्या. पुण्यात लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप जमवायचो, तसंच काहीसं; पण इथे आपली चकती जमिनीवर आपटायची आणि तिच्या वाऱ्यानं समोरच्याची उलटली की ती आपली. त्यांतला एक सामना ओतोसाननी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. एका चकतीवरच्या धिप्पाड अमेरिकन फलंदाजाला चित्रकारानं चक्क जपानी डोळे दिले होते. “बिचाऱ्याला सामन्याचं तिकीट मिळालं नसणार,” ओतोसान म्हणायचे.

संध्याकाळी आजोबा आणि आमची लेक मिका तातामीच्या चटईवर बसून फटाफट मेंको आपटत. मग एकदा माझ्या नवऱ्याचे एक संग्राहक मित्र घरी आले आणि तो फलंदाज दिव्याखाली धरून उलटसुलट पाहू लागले. असे फार थोडे उरलेत, म्हणाले, पोरांनी खेळून खेळून संपवले. दुसऱ्याच दिवशी मी प्लास्टिकची पाकिटं आणली, अल्बम केला, नावं चिकटवली, वरच्या कपाटात ठेवला. काही दिवसांनी ओतोसान दारात येऊन उभे राहिले आणि ऑफिसात साहेबांशी बोलावं तशा अदबीच्या जपानीत त्यांनी विचारलं, “सुजाता-सान, आज काढल्या तर चालतील का?”

“बघा ना,” मी म्हटलं, “पण पाकिटातूनच हं.”

दोन-तीनदा त्यांनी तशा पाहिल्या. मग विचारणंच सोडलं.

अंत्यसंस्काराला आलेले नातेवाईक अल्बम चाळून, कमरेत वाकून माझे आभार मानत होते. सुनेनं किती नीट जपलंय म्हणत होते. मला मान वर करवेना... शवपेटीत आवडीची वस्तू ठेवतात, म्हणून मी फलंदाज आणला. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा माणूस हळूच म्हणाला, पेटीसकट दहन होतं, प्लास्टिक आत चालत नाही, काढावं लागेल. मी काढू लागले, तर मिकानं बाही ओढली. “एकच? मग आजोबा खेळणार कुणाशी?” मी आणखी एक चकती काढून शेजारी ठेवली.

उरलेल्या मेंको पुन्हा डब्यात गेल्या. पाकिटं कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवली. डबा आता खालच्या फळीवर असतो, मिकाचा हात सहज पोचेल असा. हव्या तेव्हा काढ, असं तिला मी दोनदा सांगितलंय. तरी काल संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. एरवी माझ्याशी कशीही बोलणारी पोर, पण शब्द तेच, अदबही तीच...

“आई, आज काढल्या तर चालतील का?”