तिसरी अट

आमचा गणिताचा संशोधन गट म्हणजे वाशीमच्या एका महाविद्यालयातली जिन्याखालची खोली, एक फळा, सहा खुर्च्या आणि सर. सर मार्गदर्शक. मी त्यांचा तेव्हाचा सगळ्यात जुना विद्यार्थी आणि त्याच महाविद्यालयात अध्यापक. माझ्यामागून आलेले तिघं, आणि शेवटी ती. मेडशीहून रोज एसटीनं यायची. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. इतकी वर्षं गप्प बसलो, हाही त्या गुन्ह्याचाच भाग धरा.

आम्ही टिंबं आणि रेषा यांचं गणित करायचो. टिंब म्हणजे गाव समजा, रेष म्हणजे थेट रस्ता. कमीत कमी किती गावांत दवाखाना उघडला, म्हणजे प्रत्येकाला आपल्या गावात नाहीतर लगतच्या गावात तो सापडेल, अशा जातीचे आमचे प्रश्न. सरांचं त्यावर एक प्रमेय होतं. तीन अटी पाळणारी आकृती असेल, तर टिंबांच्या एक तृतीयांशाहून जास्त दवाखाने कधीच लागत नाहीत. पहिल्या दोन अटी कुणालाही कळत. तिसरी इतकी किचकट की तपासायला अर्धा तास जायचा, आणि ती झटकन तपासणारा म्हणून गटात नाव माझं. त्या प्रमेयावर दोघं पीएचडी झाले होते. तिसरा मी, माझी तोंडी परीक्षा महिन्यावर आलेली.

गटात एक रीत होती. शनिवारी आपापलं काम फळ्यावर मांडायचं, पण त्याआधी ते आपल्या वरच्या कुणीतरी, म्हणजे सीनियरनं, तपासायचं. सर स्वतः तपासत नसत. वरच्याकडे बघून एवढंच विचारत, "काय रे, पाहिलं?" त्यानं मान डोलावली की विषय संपला. आम्ही याला शिस्त म्हणायचो. गणितात कुणाच्या शब्दाला किंमत नसते, सिद्धतेला असते, हे पोरांना आठवडाभर शिकवायचो आणि शनिवारी मानेवर भागवायचो.

एका शुक्रवारी ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. गटाच्या खोलीत ती मला सर म्हणायची, बाहेर दादा. आमच्या दोघांच्याही घरी भिंतीवर निळ्या कोटातली तीच तसबीर, आणि दोघंही घराण्यात पहिलेच इतके शिकलेले.

"दादा, हे पाहा न. कुठं चुकलं, मले समजूनच नाही राह्यलं."

बारा टिंबांची आकृती होती. प्रमेयाप्रमाणे चार दवाखान्यांत भागायला हवं होतं. तिला पाच लागत होते. मी तिसरी अट दोनदा तपासली. पाळली जात होती. मग सरांची सिद्धता काढली आणि ओळीओळीनं वाचली. सर लहान आकृती घेत, तिला एक टिंब जोडत आणि मोठी करत. प्रत्येक मोठी आकृती अशीच लहानीतून वाढते, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. हिच्या आकृतीतलं कुठलंही टिंब काढलं की तिसरी अट मोडत होती, म्हणजे ती लहानीतून वाढलेली नव्हतीच. एमएस्सीच्या पोरानं असं केलं तर आम्ही गुण कापतो. तीच सिद्धता माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात होती.

"खरं निघालं तं तुमचं दुसरं प्रकरण गेलं न दादा," ती हसत म्हणाली.

"सरांशी मी बोलतो. तू बोलू नको."

मी बोललो नाही. माझ्या गावी, धनजला, बापानं गावभर सांगून ठेवलं होतं. मित्रांनी माझ्या नावामागे 'डॉ.' लावलेला फ्लेक्ससुद्धा छापून आणला होता.

शनिवारी तिनं आकृती काढली. सर म्हणाले, "बाई, बारा टिंबांनी आमची बारा वर्षं पाडता काय?" सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "काय रे, पाहिलं?"

"तिसरी अट मोडते सर."

"कुठं?" तिनं विचारलं.

मी उठलो आणि हाताला आलं त्या टिंबावर बोट ठेवलं. "इथं."

बाकी तिघांनी त्या टिंबाकडे पाहिलं. मोजलं कुणीच नाही. अर्ध्या तासाचं काम, आणि चहा आला होता. "हो काय," ती हळूच म्हणाली. तिनंच फळा पुसला.

पुढच्या शनिवारी ती सहा पानं लिहून आली. नुसती तिसरी अट, टिंबागणिक. सरांनी खडू दिला नाही. "ज्यानं पाहायचं त्यानं पायलं. सीनियरचं ऐकायचं नसन तं गटात कायले राह्यता?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट चाळत होतो.

तिचा सहामाही प्रगती अहवाल सरांनी सांगितला, मी लिहिला. 'विषयाची मूलभूत समज अपुरी.' माझं अक्षर चांगलं, म्हणून. तिची नोंदणी रद्द झाली. मी डॉक्टर झालो. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसलो. ते प्रमेय मी कुणा विद्यार्थ्याला देत नाही, 'त्यात आता काही उरलं नाही' म्हणतो. माझा प्रामाणिकपणा एवढाच.

यंदा रिसोडला गेलो. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात ती अजून तासिकेवर शिकवते. मधल्या सुट्टीत पेपर तपासत बसली होती.

"बोला सर."

मी सगळं सांगितलं. तिचा लाल पेन थांबला नाही.

"मले माहीत होतं. सहा पानं कायले लिहिली होती मंग?"

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणाले सांगू? तपासणारे तुमीच होते." तिनं पुढचा पेपर ओढला. "सर तं सरच होते, त्यांच्याकडून मी काही आस धरली नव्हती. तुमी काहून?"

मी तोंडी परीक्षेचं सांगितलं. बापाचं, फ्लेक्सचं.

"माह्या बापानंबी सांगून ठेवलं होतं गावात," ती म्हणाली.

मी माफी मागायला लागलो. तिनं एक कोरा कागद पुढं सरकवला. "ते राहू द्या. कायम जागेच्या मुलाखतीत दरवेळी तोच अहवाल निघते. समज अपुरी. आता खरं काय ते लिहून द्या."

मी लिहिलं, 'तपासताना माझ्याकडून चूक झाली.' तिनं वाचलं आणि लाल पेनानं ती ओळ खोडली.

"चूक मायी आहे असं तुमी सांगितलं होतं सर. तुमी केलं ते चूक नाही."

दुसऱ्या कागदावर लिहिलं. आकृती बरोबर होती. मला ते ठाऊक होतं. मी जाणूनबुजून खोटं बोललो, अहवालही खोटा लिहिला. प्रमेय चुकीचं आहे, म्हणून माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरणही. खाली नुसतं नाव लिहून सही केली.

तिनं कागद परत माझ्याकडे फिरवला. "डॉक्टर लिहा नावामागं. नाहीतर वजन येत नाही कागदाले."

मी लिहिलं. तिनं तो फाईलीत ठेवला आणि अकरावीच्या तासाला गेली. जाताना 'या' म्हणाली नाही.